बस वळेल एवढी जागा

शालुकडांगा हे एके काळी खेडं होतं असं मी सांगितलं की आमच्या इमारतीतली तरुण मंडळी माझ्याकडे संशयाने बघतात. त्यांचंही चूक नाही. चौथ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीतून संध्याकाळी न्यू टाउनच्या कचेऱ्यांचे दिवे दिसतात. खाली औषधांची दुकानं आहेत, मोमोची गाडी आहे, ब्यूटी पार्लर आहे, आणि जेवण पोचवणारी मुलं मोटारसायकलवर बसल्या बसल्या फोनवर विचारतात, "काकीमा, बसस्टँडच्या डावीकडे की उजवीकडे?" बसस्टँड म्हणजे आमच्या दारापुढची मोकळी जागा होती, हे त्यांना काय सांगायचं! अधूनमधून कुणीतरी हळवा माणूस भेटतो आणि "तेव्हाचं गाव किती सुंदर असेल नाही?" असं म्हणून सुस्कारा टाकतो. सुंदर होतंच. पण गाव गेलं म्हणून गळा काढणाऱ्यांनी एकदा भर पावसाळ्यात, चपला हातात धरून, गुडघाभर चिखलातून कालव्यावरच्या पुलापर्यंत चालून दाखवावं आणि मग काय तो सुस्कारा टाकावा. मी ते चालले आहे. आमचं गाव शहराने गिळलं, असं म्हणायची आता पद्धत आहे. साफ खोटं आहे ते. आम्हीच गावाला ओढून, ढकलून, हट्टाने शहरात नेलं, आणि ज्या सकाळी ते गेलं त्या सकाळी मी तिथे उभी होते.

बाबांची बदली नागपूरहून कोलकात्याला झाली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. केंद्र सरकारची नोकरी, डलहौसी चौकातलं ऑफिस. बदलीवर आलेली मराठी कुटुंबं तेव्हा इथे पाहुण्यासारखी राहायची, बिऱ्हाडातलं अर्धं सामान खोक्यांतून बाहेरसुद्धा काढायची नाहीत. बाबांना मात्र हे शहर चिकटलं. पुढची बदली त्यांनी वरिष्ठांच्या हातापाया पडून रद्द करून घेतली आणि ऑफिसातल्या एका बंगाली मित्राच्या नादाने शालुकडांग्यात दोन काठे, म्हणजे दीडेक हजार चौरस फूट, जमीन घेतली. तिच्यावर तीन खोल्यांचं, टिनाच्या छपराचं घर उभं राहिलं. आजूबाजूला भातशेती, मासे पाळायची तळी आणि बांबूची बेटं. आईने घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "इथे भाजीवाला तरी येतो का?" पुढे कित्येक महिने ती बाबांशी कामापुरतं बोलत असे. दक्षिण कोलकात्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी मंडळी गणपतीत भेटली की बाबांची फिरकी घ्यायची. "काय दामले, वाघ येतो का हो अंगणात?" बाबा म्हणायचे, "येतो की. पण सभ्य आहे, चहा घेऊन जातो."

घराला लागून एक तळं होतं, आणि तळ्यापलीकडे बीणापाणी काकीमाचं घर. काकीमा मूळची तिथली, सासऱ्याच्या वेळेपासूनची जमीन राखून असलेली, उंच, काळीसावळी, आणि तोंडाने फाटकी. नवरा अंथरुणाला खिळलेला होता, मुलगा दूर दुर्गापूरला नोकरीला, त्यामुळे घरचा कारभार तिच्याच हाती होता. तिची बदकं दिवसभर तळ्यात असायची. ऊन उतरलं की ती काठावर उभी राहून "चोई चोई चोई" अशी हाक मारायची, आणि सगळी बदकं रांगेने, तक्रार करत, पाण्याबाहेर यायची. मग एकेका घरातून शंख वाजायचा. आमच्याकडे बायका शंख फुंकत नाहीत म्हणून आई आधी बिचकली होती, पण काकीमाने तिला तळ्याकाठी बसवून, गाल कसे फुगवायचे ते दाखवून, अखेर शिकवलाच. आईचा पहिला शंख म्हैस हंबरावी तसा वाजला होता. तो ऐकून काकीमा एवढी हसली की तिला धरून बसवावं लागलं, आणि त्या दिवसापासून आई तिची 'मराठी बौमा' झाली. बौमा म्हणजे सूनबाई. आईला सख्खी सासू नव्हती. ती उणीव देवाने कोलकात्यात भरून काढली, असं बाबा आई ऐकणार नाही इतक्या हळू म्हणायचे.

आमच्या स्वयंपाकघरात शुद्ध वरणभात होता. आमसुलं नागपूरच्या आत्याकडून यायची, आणि कढीपत्त्याचं रोप आईने लेकरासारखं वाढवलं होतं. काकीमाकडून मोहरीचं तेल आणि हिरवी मिरची घालून कालवलेले मुरमुरे यायचे, नारळाचे लाडू यायचे, संक्रांतीला तांदळाच्या पिठाच्या, खजुराचा गूळ घातलेल्या गोड पिठ्या यायच्या. इकडून पुरणपोळी जायची. काकीमा ती मुरमुऱ्यांबरोबर खायची आणि आईच्या जिवाचा थरकाप व्हायचा. फक्त मासा हद्द ओलांडत नसे. म्हणजे आमच्या घरात येत नसे. पावसाळ्यात काकीमाकडे इलिश तळायला घेतला की वास तळं ओलांडून यायचा, आणि बाबांना हटकून आठवायचं की काकांची विचारपूस करून बरेच दिवस झाले. परत आल्यावर ते अंगणातल्या हातपंपावर बराच वेळ चुळा भरत. आई आतून म्हणायची, "काकांची तब्येत आज बरीच चविष्ट दिसतेय." मी आजही इलिशचा वास आला की खिडकी उघडते. हे वाक्य आमच्या नातेवाइकांनी वाचलं तरी मला फरक पडत नाही.

एवढं सगळं गोडीगुलाबीचं असताना अडचण काय होती? अडचण ही की आम्ही कुठेच नव्हतो. एस्प्लनेडहून सुटणारी बस सियालदहवरून कालव्यावरच्या पुलापर्यंत यायची आणि तिथूनच माघारी जायची. पुढे भाजलेल्या विटांचा रस्ता होता, त्यावरून सायकलव्हॅन चालायची. म्हणजे तीन चाकांवर लाकडी फळ्या, त्यावर आपण पाय सोडून बसायचं, शेजारी कोंबड्या, पालेभाजी, कधी एखादा तापाने फणफणलेला माणूस. पाऊस लागला की व्हॅनही बंद. मी शाळेची शेवटची परीक्षा दिली तेव्हा बाबांनी जेवताना, आवाज न चढवता, घरात फर्मान काढलं. मला सियालदहजवळच्या कॉलेजात जायचं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "शैला, जायला दोन तास, यायला दोन तास, आणि संध्याकाळी पुलापासून अंधारात एकटीने चालत यायचं? ते माझ्याच्याने बघवणार नाही. बस गावात आली तर इथलं कॉलेज. नाही आली तर नागपूर, आत्याकडे."

आत्या वाईट नव्हती, पण तिच्या मुलींनी मला एका सुट्टीत पुरतं घायाळ केलं होतं. बंगालीत पाणीही 'खातात', त्यामुळे मी मराठीतही पाणी खाते म्हणायचे, आणि त्या सगळ्या वाड्याला गोळा करून सांगायच्या, "या, आमची शैली पाणी कसं चावते बघा!" शिवाय तिथे तळं नव्हतं, शंख नव्हता, आणि मला बंगाली वळणाने शोइला म्हणणारं कुणी नव्हतं. मी रडले नाही. मला रडायची सवय नव्हती, मला भांडायची सवय होती. पण भांडायचं कुणाशी? बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. आई त्या दिवशी ताटावरून उठली ती तशीच मागच्या अंगणात गेली. मी गेले तर कढीपत्त्याची पानं उगाचच खुडत उभी होती. म्हणाली, "एक वर्ष मी या गावाला शिव्या दिल्या. आता इथे रुळले, तर हे तुलाच इथून घालवायला निघाले. माझी पोर मला इथे हवी आहे, बस्स." आईला मी इतकं सरळ बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

बस पुढे आणायची खटपट गावात आधीपासून चालू होती, पण आता बाबा तिच्यात कंबर कसून उतरले. दर शनिवारी ऑफिस सुटलं की ते बसमालकांच्या वतीने मार्ग ठरवणाऱ्या सामंतबाबूंच्या बैठकीत जाऊन बसत. सामंतबाबू म्हणजे हातात कायम छत्री, पाऊस असो वा नसो, आणि प्रत्येक वाक्याआधी एक उसासा. अखेर ते म्हणाले, "दामलेबाबू, मार्ग एकच वाढणार आहे आणि गावं दोन आहेत. कालव्यापलीकडचं बामुनहाटीही मागतंय. ज्या गावात बस वळेल त्या गावात ती येईल. बस म्हणजे बैलगाडी नव्हे, तिला वळायला जागा लागते. जागा दाखवा." जागा एकच होती. आमच्या दारापुढे तीन रस्ते मिळायचे, मध्ये थोडं मोकळं, एका बाजूला आमचं कुंपण, दुसऱ्या बाजूला गावाचा हातपंप, आणि तिसऱ्या बाजूला तळ्याच्या अलीकडपर्यंत आलेलं काकीमाचं बांबूचं कुंपण, आत तिचं अळूचं रान आणि बदकांचं खुराडं. आमचं कुंपण बाबांनी त्याच दिवशी भिंतीपर्यंत मागे घेतलं. काकीमाकडे ते सगळ्या गावाला घेऊन गेले. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझी हद्द माझ्या सासऱ्याने घातली आहे, ती वीतभरही सरकणार नाही. बस आली की तिच्या मागून चोर येतील, दलाल येतील, आणि माझी बदकं चाकाखाली जातील. तुम्हाला हौस असेल तर बस तुमच्या स्वयंपाकघरातून वळवा."

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे मी आज कबूल करते. दलाल आले. असे आले की पुढे त्यांनी माझ्या बाबांना घराच्या जागी इमारत बांधायला लावली, आणि मी हे जिथे बसून लिहिते आहे ती खोली त्यांचीच करणी आहे. पण तेव्हा मला ती म्हातारी कैकेयी वाटली होती.

मग बाबांनी ठरवलं की असलेल्या जागेतच बस वळते हे सिद्ध करायचं. पुलावर थांबलेल्या बसची लांबीरुंदी त्यांनी दोरीने घेतली, त्या मापाची बांबूंची चौकट बांधली, आणि गावातल्या धडधाकट पुरुषांनी ती खांद्यावर घेतली. बाबा स्वतः पुढे, ड्रायव्हरच्या जागी. त्यांच्या हातात आमच्या स्वयंपाकघरातलं पुरणाचं पितळी ताट, स्टिअरिंग म्हणून. रविवारची सकाळ होती आणि सगळं गाव कडेला उभं राहून हसत होतं. "बायें, बायें! अजून बायें! अहो दामलेबाबू, पंप मारलात!" चौकट थोडी अडखळली, मागची माणसं धापा टाकत सरकली, आणि बस वळली. एक बोटभर जागा उरत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनी ताटाने सलाम केला, आणि सामंतबाबूंना निरोप गेला की जागा आहे, खरी बस पाठवा. कुंपणाआडून काकीमा सगळं बघत होती. ती हसली नाही, पण मुरमुऱ्यांची टोपली पाठवून दिली. दुष्मनांनाही भूक लागते, असा त्याचा अर्थ मी लावला.

बस यायच्या दिवशी आई आमच्या सगळ्यांच्या आधी उठली होती. मी बाहेर आले तेव्हा उजाडत होतं, आणि तीन रस्त्यांच्या मधोमध, बस वळायची त्याच जागी, आई ओणवी होऊन रांगोळी घालत होती. आत्याने दिवाळीसाठी पाठवलेली सगळी पांढरी रांगोळी तिने काढली होती, हळदकुंकूही घेतलं होतं. साधीसुधी नाही, घरातल्या सतरंजीपेक्षा मोठी. मध्ये कमळ, भोवती वेल, आणि पुलाकडच्या रस्त्यावरून आमच्या दारापर्यंत लक्ष्मीची पावलं. गौरी आणताना आपण काढतो तशी. तिचं साधं गणित होतं. पावलं काढली की येणारी घरात येते. आपल्याकडे पावलं उंबऱ्यापासून देवघरापर्यंत काढतात, दिवसभर पोरंबाळं त्यावरून ये-जा करतात, दुपारपर्यंत अर्धी पुसली जातात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पुसली तर उद्या पुन्हा काढायची. आई मला म्हणाली, "पहिलं चाक यावरूनच जाऊ दे. शुभ असतं." चेहरा कपाळापर्यंत रांगोळीने माखला होता आणि ती मला त्या वेळी फार सुंदर दिसली.

गाव उठून जमलं तेव्हा बायकांनी तोंडावर हात ठेवले. "आहा, आहा!" एवढंच. जो तो पाय जपत, कडेकडेने चालायला लागला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बंगाल्यांची आलपना म्हणजे तांदूळ भिजवून वाटलेल्या पिठाने बोटाने काढलेली, वाळली की पक्की बसणारी. आणि लक्ष्मीची पावलं म्हणजे तर साक्षात लक्ष्मीच दारात उभी, तिच्यावर पाय पडला तर वर्षभराचं वाटोळं. आम्ही इतकी वर्षं इथे राहून, त्यांच्या पिठ्या खाऊन, शंख फुंकून, एवढी साधी गोष्ट लक्षात घेतली नव्हती. आईची रोजची रांगोळी तुळशीपाशी मागच्या अंगणात असायची, तीही ठिपक्यांची, चिमूटभर. पावलं तिने गावासमोर कधी काढलीच नव्हती.

हॉर्न ऐकू आला. विटांच्या रस्त्यावरून, दोन्ही बाजूंच्या फांद्या मोडत, डुलत, खडखडत बस आली. पुढे व्हॅनवर छत्रीसह सामंतबाबू, मागे धावणारी पोरं. बायकांनी जिभा हलवून उलू केला, शंख वाजले, आईनेही वाजवला. बस आमच्या दारापासून थोड्या अंतरावर येऊन थांबली आणि थांबलीच. ड्रायव्हर शिबूदा खाली उतरला. काळा चष्मा, खांद्यावर लाल गमछा, खिशात कंगवा. आपण इंजिनाचे जावई आहोत अशी त्याची ऐट. तो रांगोळीपर्यंत आला, चष्मा काढला, चपला काढल्या, आणि हात जोडले. "लक्ष्मीची पावलं आहेत," तो म्हणाला. "यावर चाक घालू? मला पोरंबाळं आहेत मोशाई."

बाबांनी आईकडे बघितलं. आईला क्षणभर कळेचना. मग ती आपल्या बंगालीत घाईघाईने म्हणाली, "अहो त्यात काय? आमच्यात चालतं. थांबा, मी एका मिनिटात झाडून टाकते." आणि ती खराटा आणायला वळली. असा हाहाकार उडाला की खुराड्यातली बदकंसुद्धा फडफडायला लागली. "झाडू? लक्ष्मीवर झाडू?" "ज्या दिवशी लक्ष्मी गावात येते त्या दिवशी तिला केर करून बाहेर काढणार?" बायकांनी आईचे दोन्ही हात धरले. एक तर रडायलाच लागली. खराटा कुणीतरी पळवून नेला, तो आम्हाला पुन्हा कधी मिळाला नाही. पुरुष एकमेकांकडे बघत होते, आणि "पुसायला काय हरकत आहे" असं म्हणायची एकाचीही छाती नव्हती. सामंतबाबूंनी उसासा टाकला. छत्रीच्या टोकाने जमीन टोकत ते म्हणाले, "दामलेबाबू, मला दुपारी बामुनहाटीला जायचं आहे. बस वळते की नाही, एवढंच सांगा."

मला समोर आत्याच्या मुली दिसायला लागल्या. आईचा चेहरा असा पांढराफटक पडला की त्यावरची रांगोळी ओळखू येईना. ती पुटपुटत होती, "मीच घातलं सगळं मातीत. मीच." मी पुढे झाले. शालुकडांग्यात मोठ्यांच्या मधे मुली बोलत नसत, पण मी तेव्हाही शहाण्यांत मोडत नव्हते. मी काकीमासमोर जाऊन उभी राहिले. ती तिच्या कुंपणाला टेकून, हाताची घडी घालून सगळं बघत होती. मी म्हटलं, "काकीमा, पावलं पुसता येत नाहीत, त्यांच्यावरून जाता येत नाही. मग लक्ष्मीने यायचं कुठून? आता फक्त तुझ्या बाजूनेच वाट आहे. आणि बस वळली नाही तर मला नागपूरला पाठवतील. मला जायचं नाही. मला इथेच राहायचं आहे."

काकीमाने माझ्याकडे बघितलं नाही. ती रांगोळीकडे बघत होती. मग आईकडे बघून ओरडली, "बौमा! ही पावलं कुणाच्या दाराकडे जातात?" आई गांगरून म्हणाली, "आमच्या." "मूर्ख पोरी! शेजारी मी राहते, आणि सगळी लक्ष्मी तू एकटी घरात घेतेस?" आई खाली बसली, मुठीत उरलेली रांगोळी घेतली, आणि कमळापासून काकीमाच्या कुंपणाच्या दिशेने पावलं काढायला लागली. एक डावं, एक उजवं. शेवटचं पाऊल कुंपणाला भिडलं. काकीमाने पदर कमरेला खोचला आणि पहिला बांबू स्वतःच्या हाताने उपटला. "बघता काय रे मेल्यांनो! लक्ष्मी दाराशी आली आणि कुंपण आडवं? काढा! अळू उपटा! खुराडं उचला! वीतभर नको, पार तळ्यापर्यंत काढा!"

त्यानंतर जे झालं ते दसऱ्याच्या ढोलासारखं अजून माझ्या छातीत वाजतं. पुरुष कुंपणावर तुटून पडले. बायकांनी अळू उपटून पदरात भरलं, बदकांचं खुराडं बदकांसकट चौघांनी उचललं, आतून बदकांनी जो काही शिमगा केला तो विचारू नका. जमीन तुडवून, विटांचे तुकडे टाकून सारखी केली. शिबूदाने पुन्हा चष्मा चढवला, केसांवरून कंगवा फिरवला, आणि इंजिन सुरू झालं. कंडक्टर बसच्या पत्र्यावर थापा मारत मागे चालला होता, पण त्याचं कोण ऐकतो? सगळं गावच कंडक्टर झालं होतं. "आस्ते! बायें! अजून! पाऊल सांभाळ, पाऊल!" काकीमा मागच्या चाकापाशी उभी राहून, बदकांना हाकारावं तशी बसला हाकारत होती. पावलांची रांग दोन्ही चाकांच्या मधे धरून, कमळ टाळून, बस आपलं सगळं अंग काकीमाच्या जमिनीत घालून गेली, तळ्याच्या काठाला लागून मागे आली, पुन्हा पुढे झाली, आणि तिचं तोंड कोलकात्याकडे झालं. रांगोळीचा एक ठिपकाही हलला नव्हता. आईने शंख तोंडाला लावला. म्हैस नव्हती हो तेव्हा! असा लांब, स्वच्छ आवाज मी तिच्याकडून पुन्हा कधी ऐकला नाही.

सामंतबाबूंची छत्री मिटलेलीच होती, तरी त्यांनी ती पुन्हा एकदा मिटली. "वळली," ते म्हणाले, आणि त्या वेळी प्रथमच उसासा टाकला नाही. मुरमुरे आणि पुरणपोळी खाता खाता शिबूदा बाबांना म्हणाला, "एक सांगू? आधीच्या जागेत बस मेली तरी वळली नसती. तुम्ही बांबूची बस वळवलीत म्हणे. अहो, माणसं खेकड्यासारखी आडवी सरकतात. चाकं सरकत नाहीत." बाबांचा घास हातातच राहिला. म्हणजे आईने रांगोळी घातली नसती तर बस आली असती, हातपंपाला ठोकून परत गेली असती, आणि मी नागपूरला गेले असते. बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मला माहीतच होतं." साफ थाप होती, पण त्या दिवशी तिला काहीही म्हणायची मुभा होती. काकीमा पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगायची की शालुकडांगा शहर झालं ते तिच्या अळूच्या रानातून. आम्ही कुणीही तिला खोडलं नाही, कारण ते खरंच आहे.

पाऊस सुरू झाला आणि माझं कॉलेजही. पहिल्या दिवशी मी सकाळी दारातून बसमध्ये चढले. कंडक्टर ओरडला, "आस्ते, लेडीज!" आणि गुडघ्यापर्यंत कोरडी अशी मी सियालदहला उतरले. संध्याकाळी मुद्दाम एस्प्लनेडला गेले, बाबांच्या ऑफिस सुटायच्या वेळी, दोघांनी बरोबर घरी जायचं म्हणून. तिथे ही गर्दी. फूटपाथवर मोज्यांचे, कंगव्यांचे, पेरूंचे ढीग, आणि प्रत्येक बसच्या दारात लटकून एकेक कंडक्टर आपापल्या टोकाचं नाव ओरडत होता. गरिया, बेहाला, श्यामबाजार. सगळी मोठी, जुनी, ऐटीची नावं. आणि त्या सगळ्यांच्या बरोबरीने, तितक्याच मोठ्यांदा, तितक्याच बेफिकीर आवाजात, "शालुकडांगा! शालुकडांगा! शालुकडांगा!"

मी धावले. बाबांनी माझं मनगट धरलं. "थांब," ते म्हणाले. "बाबा, जागा जाईल." "जाऊ दे. पुढची घेऊ." आम्ही पावसात एकाच छत्रीत उभे राहिलो. कंडक्टर ओरडत होता आणि बाबा ऐकत होते, डोळे भरून आलेले, लपवायचा प्रयत्नही न करता. ती बस भरून गेली. दुसरी आली, तिचा कंडक्टरही तेच नाव ओरडला, तेही त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि मग आम्ही चढलो. आत पाय ठेवायला जागा नव्हती. बोटांत नोटा अडकवलेला कंडक्टर गर्दी कापत आमच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "कुठे?" घरात कधी आवाज न चढवणाऱ्या माझ्या बाबांनी, सगळी बस वळून बघेल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "दोन शालुकडांगा!" कंडक्टरने तिकिटं फाडून त्यांच्या हातात दिली आणि तो पुढे गेला, तरी बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून पुन्हा एकदा सांगितलं, "शालुकडांगा. दोन."